तेवीस आली, बावीस दाखल

॥ श्री ॥
नांदूरघाट, ता. केज
मंगळवार, ९ जुलै २०२४

प्रिय बबी,

पार्सल मिळालं. खोक्याचा एक कोपरा दबलाय, आत ओल नाही. टपालखर्च तू भरलास, तो तुझ्याकडं. पोस्टापासून वाचनालयापर्यंत रिक्षा तीस (चाळीस मागत होता). गोंदाची बाटली एक, पंधरा. खाकी कागद एक ताव, सहा. नारळ पंचवीस, तो माझ्या पदरचा. नवी पुस्तकं आली की सरस्वतीपुढं नारळ ठेवल्याबिगर मला रजिस्टर उघडवत नाही. प्रसाद बंकट शिपायानं वाटला, त्यातला निम्मा स्वतःलाच वाटला. सुतळी आणि खोकं जपून ठेवलंय.

पुस्तकं बावीस दाखल केली. नंबर घातले, शिक्के मारले, सतरा नंबरचं पान आणि शेवटचं पान दोन्हीकडं, तू शिकवलंस तसं.

तू परीक्षा देऊन झालेली ग्रंथपाल, मी मॅट्रिक पास बाई. कार्यकारिणीत एक बाई लागते म्हणून अध्यक्ष आप्पांनी मला कोषाध्यक्ष केलं, आणि आधीचे ग्रंथपाल पुण्याला गेल्यापासून संध्याकाळी पाच ते सात पुस्तकं देणंघेणंही माझ्याकडंच आलं. देवाचा दिवा लावायला घरी पळते, परत येते. पण खरं सांगू का, नववी-दहावीच्या अकरा पोरी शाळा सुटली की दप्तरासकट येतात आणि कपाटापुढं मांडी घालून बसतात, तेव्हा मला सप्ताहात बसल्यासारखं वाटतं.

फोन करू नको. तुझ्या कानाला यंत्र बसल्यापासून तू "आं? आं?" करतेस, मी ओरडते, आणि आपलं बोलणं तुला सोडून सगळ्या आळीला कळतं. पत्रच बरं. सोबत वाचनालयाची पोच आहे. तुझ्या सही-शिक्क्याची प्रत फाइलला लावायची आहे, तेवढी पाठव.

तुझी,
वनमाला


पाटोदा
सोमवार, १५ जुलै २०२४

प्रिय वने,

पोचेची प्रत सोबत. आता ऐक.

मी तेवीस पुस्तकं पाठवली. खोक्यावर मी स्वतः आकडा घातला होता. तू पत्रात "आली" असं कुठंच लिहिलं नाहीस, "दाखल केली" असं लिहिलंस. खोटं बोलायचं नाही आणि खरं सांगायचं नाही, ही तुझी सहावीपासूनची कला आहे. शिवणाच्या तासाला सुई हरवली तेव्हा बाईंनी विचारलं, आणि तू दोन्ही हात पुढं करून म्हणालीस, "माझ्या हातात नाही." सुई तुझ्या वेणीत होती.

दुसरं म्हणजे खाकी कागद, एक ताव, सहा रुपये. आपल्या लेकरांच्या पुस्तकांना जन्मभर वर्तमानपत्राची कव्हरं घालणारी बाई खाकी कागद विकत घेते? आणि बावीस पुस्तकांना एक ताव पुरतो? एका तावात एक पुस्तक नीट झाकलं जातं. तेविसावं.

कुठलं ते मी ओळखलं. "शकूची वही". नदीकाठच्या गावातली चौदा वर्षांची शकू रोज वहीत लिहिते. पाळी आली ते लिहिते, वर्गातल्या मुलानं डब्यात चिठ्ठी ठेवली ते लिहिते, आणि दहावीची परीक्षा तोंडावर असताना घरच्यांनी तिला न विचारता सोयरीक धरली तेही लिहिते. यात तुला काय खुपलं? पोरींसाठी लिहिलेलं पुस्तक पोरींच्या हातात पडू द्यायचं नाही, तर द्यायचं कुणाला? अशी पुस्तकं आपणच कोंडायला लागलो तर आपल्यात आणि गोदामाच्या राखणदारात फरक काय राहिला?

आमच्याकडं ते जादा झालं म्हणून तुला धाडलं. कपाटात कुजवायला नाही.

देवासमोर तासभर बसतेस ना, तिथंच विचार कर आणि मला कळव.

बबिता


पाटोदा
६ ऑगस्ट २०२४

वने, तीन आठवडे झाले, उत्तर नाही. रागावलीस की उपास वाढलेत? मी जरा फाडफाड लिहिते, ते तुला नवं नाही. तेविसाव्याचं काय केलंस तेवढं पोस्टकार्डावर लिही. — बबी


॥ श्री ॥
नांदूरघाट
शनिवार, १७ ऑगस्ट २०२४

प्रिय बबी,

पोस्टकार्डावर मावणारं असतं तर कधीच लिहिलं असतं. लई घोळ झालाय. पहिल्यापासून सांगते.

ते पुस्तक मी देवघरात बसून वाचायला घेतलं होतं. चांगलं चाललं होतं. पान एक्केचाळीसवर आले आणि हात थांबला. पाळीबद्दल इतकं सरळ, भाजीबद्दल लिहावं तसं लिहिलेलं मी या वयात पहिल्यांदा वाचलं. समोर निरांजन जळत होतं. मी पुस्तक मिटलं, देवाला हात जोडले आणि माफी मागितली. कशाबद्दल ते मात्र कळेना. मग खाकी कागद आणला, कव्हर घातलं, आणि वर लिहिलं, "हिशेबाची वही". माझ्या हिशेबाकडं कुणी ढुंकूनही बघत नाही. पावतीपुस्तकांच्या मागं लोखंडी कपाटात ठेवून दिलं. म्हणजे पहिलं कुलूप मीच लावलं, बबी. तुझं पत्र आलं तेव्हा मी रागावले नव्हते, लाजले होते.

पण जुलै सरता सरता काय झालं ते ऐक. आप्पांची नात रोहिणी, नववीतली, ती वाचनालयात होती. मी म्हटलं, "बाळा, कपाटातली हिशेबाची वही आण गं." मला माझी खरी वही पाहिजे होती. ती गेली ती गेलीच. दहा मिनिटं झाली. मी हाक मारली, "सापडली का?" कपाटामागून आवाज आला, "सापडली काकू. पण हिशेब लई मोठा हाय. घरी नेऊ का?"

तिथं मी नाही म्हणू शकत होते. पण मला तेरा वर्षांची मी आठवले, गोठ्यात म्हशीच्या आडोशाला लपलेली. आपण मरणार असं वाटून मी तिथं बसले होते, आणि तू येऊन सांगितलंस, "मरत न्हाईस, येडे, सगळ्यांलाच असतंय." आमच्या घरात हे सांगणारं दुसरं कुणी नव्हतं. रोहिणीच्या घरात कोण आहे मला माहीत नव्हतं. मी मान वर न करता म्हटलं, "ने. पण रजिस्टरात सही कर."

मग बाकीच्या सुरू झाल्या. "काकू, हिशेबाची वही आली का माघारी?" "काकू, माझा नंबर कवा?" अकराच्या अकरा जणींनी नेली. उरलेली पानं मीही वाचली, दुपारी, स्वयंपाकघरात बसून. बंकट मला म्हणतो, "ताई, आपल्या पोरींला हिशेबाचा हा कसला नाद लागला म्हणायचा?" त्यानं ते आप्पांच्या कानावर घातलं. आप्पा खूश. पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली उभं राहून भाषणात सांगितलं, "आपल्या गावच्या पोरी हिशेब शिकायल्यात! वहीची वाट बघत नंबर लावायल्यात! पोरांनो, तुमी कावून मागं?" पोरींची अख्खी रांग पायाच्या अंगठ्याकडं बघत होती. टाळ्या कडाडून पडल्या.

त्याच संध्याकाळी आप्पांच्या घरी जेवताना रोहिणीनं आजीला विचारलं, "आज्जे, तुझं लगीन ठरलं तवा तुला कुणी इचारलं होतं का?" छबुबाई भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला. म्हणाल्या, "न्हाई बाई. अंगाला हळद लागली तवा मला कळलं, लगीन माझंच हाय." मग आप्पांकडं वळून म्हणाल्या, "आन् तुमी तरी कवा इचारलंत?" तेव्हापासून आप्पांना वेळेवर ताट मिळतं, बोलणं मिळत नाही. पन्नास वर्षांत असं झालं नव्हतं म्हणे.

आप्पांनी रोहिणीचं दप्तर उपसलं. तिनं पुस्तक दुसऱ्यांदा नेलं होतं. काल पुस्तक घेऊन माझ्यापुढं उभे.

"सूनबाई, हा कसला हिशेब?"

त्यांनी आतलं पान उघडून दाखवलं.

"माझ्याकडूनच झेंड्याखाली ह्याची जाहिरात करून घेतली?"

त्यांचं म्हणणं असं. पुस्तक बाद करायचं. कुणीकुणी नेलं त्या पोरींची नावं द्यायची, म्हणजे त्यांच्या बापांना सांगता येईल. आणि यापुढं अठराच्या आतल्या पोरीनं प्रत्येक पुस्तकाला बापाची सही आणायची. मी विचारलं, "फक्त पोरींनीच? पोरांचं काय?" तर म्हणाले, "पोरं कुठं वाचतेत?"

शनिवारी, ३१ तारखेला सभा आहे, त्यात ठराव होणार. रोहिणीचं कार्ड आप्पांच्या खिशात गेलंय. तिचं येणं बंद झालंच. उरलेल्या दहा जणींचे बाप पुस्तकापुरती सही करत बसतील असं तुला वाटतं? त्यांना रेशनच्या दुकानात सही करायलाही सवड नसते. बबी, ते कपाट पोरींना बंद पडेल, आणि पाच ते सात मी पंख्याखाली एकटी बसेन.

नावं मी दिलेली नाहीत. रजिस्टर घरी आणलं आणि देव्हाऱ्यात, देवाच्या पाटाखाली ठेवलं. आधी खरोखर ठेवलं, मग आप्पांना सांगितलं, "आप्पा, रजिस्टर देवाखाली आहे. श्रावण संपेपर्यंत मी ते हलवत नाही." आप्पा देवभोळे आहेत, हात जोडून निघून गेले. पण श्रावण दोन सप्टेंबरला संपतो.

तू सभेला ये ना. चार शब्द बोल. तुझं ऐकतील.

तुझी,
वनमाला


पाटोदा
बुधवार, २१ ऑगस्ट २०२४

प्रिय वने,

पत्र तीनदा वाचलं. दोनदा हसले, एकदा नाही.

आधी कामाचं. नावं द्यायची नाहीत. श्रावण संपला तरी नाही, दिवाळी झाली तरी नाही. कुणी काय वाचलं हे वाचक आणि वाचनालय यांच्यातलं असतं. डॉक्टर कुणाला कशाची गोळी दिली हे पारावर सांगत फिरतो का? पोरींनी तुझ्या रजिस्टरात सही केली ती तुझ्या भरवशावर. तो भरवसा मोडला तर उद्या चांगली हजार पुस्तकं आणून ठेव, एकही पोर कपाटाला हात लावणार नाही.

आता सभेचं. आप्पांशी भांडू नको, तुला भांडता येत नाही, तू मध्येच रडतेस. तू लिहायचं काम कर. ठरावाचा कच्चा मसुदा तुलाच करायचा असतो ना? त्यात स्वच्छ अक्षरात लिही, "सदर पुस्तक कार्यकारिणीच्या कोणाही सदस्याने न वाचता सर्वानुमते बाद करण्यात येत आहे." खरंच आहे ते. आणि सही करायला पेन पुढं कर. माझा अनुभव आहे, माणूस बोलताना घाबरत नाही, सही करताना घाबरतो.

मला मात्र येता येणार नाही. ऑडिट आहे, कानाचं यंत्र दुरुस्तीला द्यायचंय, आणि पाटोद्याहून बस बदलून यायचं म्हणजे दिवस जातो. तू एकटी पुरेशी आहेस.

काय झालं ते सगळं लिही. थोडक्यात लिहू नको.

बबिता


॥ श्री ॥
नांदूरघाट
रविवार, १ सप्टेंबर २०२४

प्रिय बबी,

उद्या पोळा आहे, पुरणाची डाळ भिजत घातली आणि लिहायला बसले. घसा बसलाय, त्याचं कारण पुढं येईल.

मसुदा मी आप्पांना बुधवारी दाखवला. "न वाचता" या शब्दांवर त्यांचं बोट थांबलं.

"हे कावून लिवलं?"

"खरं आहे म्हणून."

"असं लिवायचं न्हाई. लोक काय म्हणतील, अध्यक्षाला वाचता येत न्हाई काय?"

"मग वाचा ना आप्पा. शहाण्णव पानं आहेत."

"अक्षर बारीक हाय. माझा चष्मा लांबचा हाय."

"मग मी वाचून दाखवते. सभेच्या आधी, सगळ्या सदस्यांना."

ते म्हणाले, "वाच." पुस्तक माझ्याकडं परत दिलं. एवढंच ठरलं होतं. आप्पा, सचिव मुंजाजी, आणखी दोन सदस्य आणि मी.

पण बंकटनं फळ्यावर लिहिलं, "शनिवारी दुपारी दोन वाजता वाचनालयात वाचन. वाचणार : वनमालाबाई." आता तूच सांग. श्रावण महिना, शनिवार, आणि देवळात दर श्रावणात पोथी वाचते ती मी. गावानं काय समजायचं? दोनला दहा कमी असताना बायका यायला लागल्या. न्हाऊन, केस पुसून, हातात फुलं, ऊदबत्त्या. कुणी खडीसाखर आणली. भजनी मंडळाच्या वत्सलाबाई चिपळ्या घेऊन आल्या. मी मोजल्या, एकोणचाळीस बाया, वर आपल्या पोरी. सदस्यांच्या खुर्च्या मागं ढकलून सतरंज्या टाकल्या गेल्या. कुणीतरी चौरंग आणला, आणि मी हातात धरलेली खाकी कव्हरातली "हिशेबाची वही" माझ्या हातातून घेऊन चौरंगावर ठेवली, हार घातला, हळदकुंकू वाहिलं.

मी ओरडून सांगितलं, "बायांनो, ही पोथी नव्हे! हे साधं पुस्तक आहे, एका पोरीचं."

पहिल्या रांगेत छबुबाई बसल्या होत्या, शेजारी रोहिणी. म्हणाल्या, "आमाला कुठं वाचता येतंय? तू वाचतीस ते आमी ऐकतो. तू वाच."

तेवढ्यात आप्पा आले. दारात चपला काढल्या, गर्दी बघितली, ऊदबत्ती बघितली, आणि कुणीतरी सवयीनं त्यांच्या हातात नारळ दिला. अध्यक्ष म्हटल्यावर नारळ त्यांचाच. त्यांनीही सवयीनं फोडला. फोडल्यावर त्यांना चौरंगावरचं खाकी कव्हर दिसलं. त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण मी बघितलं नाही. मी मनातल्या मनात देवाला म्हटलं, बाबा, हे तुझ्या जागेवर बसलंय, मी बसवलेलं नाही. मग वाटलं, सरस्वती काय अक्षरं निवडून बसते? आणि वाचायला लागले.

वाचताना पोथीचा सूर लागतो गं, कितीही टाळलं तरी. डब्यातली चिठ्ठी आली तेव्हा बाया तोंडाला पदर लावून हसल्या. वत्सलाबाईंनी दोनदा चिपळ्या वाजवल्या. मग पान एक्केचाळीस आलं. मी थांबले. पाणी प्याले. समोर आप्पा, मुंजाजी, बाकीचे.

छबुबाई म्हणाल्या, "थांबलीस कावून?"

"पुढं जरा… पाळीचं आहे."

"मग? ती काय एकट्या त्याच पोरीला आली?"

मी वाचलं. एका दमात वाचलं. मग मागून चंद्रभागाबाई म्हणाल्या, "मला वाटलं जखम झाली. मी हळद लावून बसलते." अशा हसल्या सगळ्या, बबी, की सतरंजी हलली. दुसरी म्हणाली, मी शेतातल्या हौदात बसलते. मीही सांगून टाकलं, गोठ्याचं. पुरुष मंडळी छताच्या पंख्याकडं बघत होती. मुंजाजींना एकाएकी मोबाइलमध्ये काहीतरी शोधायचं आठवलं. आणि आपल्या पोरी आपल्या आयांकडं बघत होत्या, जणू कुणी नव्यानं ओळख करून दिली.

आप्पा उठले. "बास झालं. आता थांबवा."

छबुबाईंनी मागं वळूनही बघितलं नाही. "नारळ तुमीच फोडलाय. अर्ध्यातून उठायचं न्हाई. खाली बसा."

पंधरा दिवसांनी त्या आप्पांशी पहिलं वाक्य बोलल्या, ते हे. आप्पा खाली बसले.

साडेसहाला पुस्तक संपलं. तुला माहीतच आहे, शेवटी शकू परीक्षेच्या केंद्रावर पोचते, घंटा होते, आणि वही तिथंच थांबते. छबुबाई म्हणाल्या, "पुढं?" मी म्हटलं, संपलं. "असं कसं संपलं? लगीन मोडलं का न्हाई? पास झाली का?" मी म्हटलं, ते लिहिलेलं नाही. त्या नाराज झाल्या.

मग सभा सुरू झाली. बाया काही उठल्या नाहीत. आप्पांनी मिशीवरून हात फिरवला. म्हणाले, "पुस्तकात वाईट काही न्हाई. ऱ्हाऊ द्या. नावं बी नकोत, ज्यांची हायेत त्या समद्या हितंच बसल्यात. पण शिस्त म्हणून बापाच्या सहीचा नियम पाहिजे." मुंजाजींनी मान डोलावली. मी लिहायला घेतलं. पुस्तक बचावलं तरी पोरींना कपाट बंद पडणारच होतं.

छबुबाई उठल्या आणि टेबलापाशी आल्या. म्हणाल्या, "सूनबाई, मला बी कार्ड पाहिजे. अंगठा कुठं लावू?" मी शाईचं पॅड पुढं केलं. अंगठा लावला. मग आप्पांकडं बघून म्हणाल्या, "माझ्या कार्डावर सही कुणाची लागंल?"

"तुला कशाला सही लागंल?"

"मला अक्षर वळखू येत न्हाई, तरी मला सही लागत न्हाई. तिला समदं वाचता येतंय," रोहिणीकडं बोट करून म्हणाल्या, "मग तिला कावून लागती?"

बबी, आप्पांनी खिशात हात घातला, रोहिणीचं कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं. कुणाकडं न बघता मला म्हणाले, "ती ओळ खोड."

मी दोन रेघा मारून खोडली, बाजूला आप्पांची सही घेतली. मग घरी आले, श्रावण सरायच्या आधीच हलवते म्हणून देवाची माफी मागितली, रजिस्टर पाटाखालून काढलं आणि तेविसावं पुस्तक रीतसर दाखल केलं. नाव "शकूची वही". खाकी कव्हर काढून टाकलंय. कागद चांगला आहे, ठेवलाय.

आता एक विचारते. तू मागं लिहिलंस, "आमच्याकडं ते जादा झालं". "जादा प्रत" असं लिहिलं नाहीस. मी सहावीपासून एकटीच शिकत नव्हते. आणि ऑडिट तर मार्चात असतं ना?

तुझी,
वनमाला


पाटोदा
शुक्रवार, ६ सप्टेंबर २०२४

प्रिय वने,

उद्या गणपती बसायचे आहेत आणि मी आरास सोडून तुला लिहितेय, यावरून ओळख.

सापडले मी. जादा प्रत नव्हती. एकच होती. मांडणीत आठवडाभर ठेवली, तेवढ्यात एका पालकांनी समितीकडं तक्रार केली. अजून तोंडीच होती, लेखी नव्हती. समितीनं मला विचारलंही नव्हतं. मीच आपली पुढचा त्रास नको म्हणून ते पुस्तक खोक्यात घातलं आणि तुझ्याकडं धाडलं. तुझ्याकडं कमी लोक बघतात असं वाटलं. म्हणजे तू सहा रुपयांच्या कागदात झाकलंस, मी दीडशे रुपयांच्या टपालात. आणि वर तुला राखणदार म्हणाले. म्हणूनच सभेला आले नाही. कुठल्या तोंडानं बोलले असते?

तुझं पत्र मी इथल्या आमच्या सहायक बाईंना वाचून दाखवलं. आप्पांनी नारळ फोडला तिथं त्यांना ठसका लागला. काल आमच्या समितीला मी स्वतःहून सांगितलं की ते पुस्तक मी परत मांडणीत ठेवणार आहे, ज्यांना हरकत आहे त्यांनी आधी वाचावं आणि लेखी द्यावं. अजून कुणी लेखी दिलेलं नाही.

आता अडचण एकच. पुस्तक तुझ्याकडं आहे. परत पाठव. टपालखर्च मी देते.

बबिता


॥ श्री ॥
नांदूरघाट
गुरुवार, १९ सप्टेंबर २०२४

प्रिय बबी,

गणपतीचं विसर्जन परवा नीट झालं. तुझं पत्र मिळालं. रागावले नाही. आपण दोघी एकाच वेणीत सुई लपवणाऱ्या.

पुस्तक पाठवता येत नाही. ते आमच्याकडं दाखल आहे आणि दाखल झालेलं पुस्तक मी सोडत नाही, हे तूच शिकवलंस. शिवाय नंबर लागलेत, चौदा. त्यातल्या पाच जणींना वाचता येत नाही, त्यांच्या पोरी वाचून दाखवणार आहेत. दोन पोरांनीही नंबर लावलाय, आप्पांना सांगितलं तेव्हा त्यांना पटेना. तू नवी प्रत मागव. आमच्यासाठीही एक मागव, आमची शिवणीत सुटायला लागलीय.

सध्या पुस्तक छबुबाईंच्या कार्डावर आहे. आप्पांनी जवळचा चष्मा केला. दिवेलागणीला ओट्यावर बसून दोन-दोन पानं वाचून दाखवतात. एक्केचाळीसवर आले की आवाज बारीक करतात, मग त्या म्हणतात, "ऐकू येईना." रोहिणी सांगत होती, परवा वाचता वाचता आप्पा थांबले आणि म्हणाले, "तुला तवा कुणी इचारलं असतं, तर काय म्हणली असतीस?" छबुबाई जराशा हसल्या आणि काहीतरी बोलल्या. पण हळू बोलल्या. रोहिणीला ऐकू आलं नाही. आप्पांना विचारलं तर ते सांगत नाहीत. त्या रात्री ताटात त्यांना दोनदा तूप वाढलं गेलं, एवढं मात्र तिनं बघितलं.

छबुबाईंचा निरोप आहे. शकूचं लगीन मोडलं का आणि ती पास झाली का, हे कळल्याबिगर त्या पुस्तक जमा करणार नाहीत. मुदत उलटली तरी नाही, दंड भरायची तयारी आहे. तेव्हा ते पुस्तक लिहिणाऱ्या बाईंचा पत्ता शोध. छबुबाई सांगतील ते मी लिहिणार आहे, खाली त्यांचा अंगठा असेल. पत्ता उलट टपाली कळव, चौदा जण खोळंबलेत.

तुझी,
वनमाला